मधला जिना

पहिल्या मजल्यावर पाऊल ठेवलं आणि साठ-सत्तर जण त्याच्याकडे बघून एकदम हसले. पूर्ण जण नव्हते म्हणा. नुसतं हसू होतं. काचेच्या कपाटात चार फळ्यांवर ओळीने मांडलेल्या कवळ्या. काही पूर्ण, काही अर्धवट, काहींच्या हिरड्या अजून रंगवायच्या राहिलेल्या. घरून निघताना त्याने सगळी तयारी केली होती. स्वच्छ सदरा घातला होता, दाढी केली होती, आणि वाटभर एकच वाक्य घोळवलं होतं. ‘मी पितो’ असं म्हणावं तर साधा वर्तमानकाळ. त्यात पुढेही चालूच राहणार असा वास येतो. ‘मी पीत असे’ हा रीतिभूतकाळ, आणि तो अजून आलेला नव्हता. ‘मी पीत होतो’ म्हणावं तर कालच्या संध्याकाळपुरतं खरं होतं. चाळीस वर्षं लोकांची वाक्यं दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाला स्वतःचं तीन शब्दांचं वाक्य काळासकट लावता येईना. पण ते वाक्य ऐकायला इथे दातच होते, आणि ते आधीच हसत होते. कपाटामागे ॲप्रन घातलेली एक बाई कानशीने एक दाढ घासत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, “बुधवारवाले ना?”

बुधवार होता हे खरं होतं.

“मागला जिना,” ती म्हणाली. “खाली उतरा, उजवीकडून वळसा घ्या, मागच्या अंगाला लाकडी जिना आहे. हा मधला. तुमच्या कागदावर चुकलंय ते.” मग तिने कानशीच्या टोकाने भिंतीकडे दाखवलं. एका पुठ्ठ्यावर जाड निळ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘दारू सोडनारे मागे जावे. इथे फक्त दात.’ त्याचा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला. णकार. ‘सोडणारे’. आणि ‘जावे’चं काय, कर्ता अनेकवचनी. तोवर तिचं बोलणं कानातून डोक्यात पोचलं आणि हात खिशातच राहिला. कागदावर चुकलंय. कुठल्या कागदावर? त्याने दुसऱ्या खिशातला चौकोनी, पिवळा पडलेला कागद बाहेर काढला. तो वाचायची गरज नव्हती. जगात दोन माणसांना तो कागद पाठ होता. एक तो, आणि दुसरा आता नव्हता.

आठ वर्षांपूर्वी छापखान्यात आलेलं ते काम. तो तिथे मुद्रितशोधक होता, म्हणजे छापायला जाण्याआधी प्रत्येक ओळ वाचून तिच्यातल्या चुका वेचणारा. एरवी पुस्तकं, अहवाल, कंपन्यांची पत्रकं, औषधांबरोबर येणाऱ्या घडीच्या चिठ्ठ्या असली कामं. त्यात हे एक वीतभर लांबीचं पोरकं काम. दारू सोडू पाहणाऱ्यांचं एक मंडळ होतं. दर बुधवारी सहा ते साडेसात जमतात, एकमेकांना सांगतात, ऐकतात, चहा पितात. त्यांचे चिटणीस म्हणून एक म्हातारे गृहस्थ आले आणि स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर देऊन गेले. अक्षर मोत्यासारखं, फक्त मोती एकमेकांना चिकटलेले. टाईप करायला खिळ्याकडे गेलं. खिळ्या म्हणजे त्याचा मित्र. तरुणपणी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचा, म्हणून खिळ्या. पुढे खिळे वितळवले गेले, त्याला संगणकापुढे बसवलं गेलं, आणि नाव तेवढं तसंच राहिलं. खिळ्या त्याला ‘वेलांटी’ म्हणायचा. पहिलं प्रूफ समोर आलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते, म्हणजे मागच्या गोदामातल्या कागदाच्या रिमांवर दोन पेले मांडून झाले होते. प्रूफाच्या शेवटी चिटणीसांनी लिहिलं होतं, ‘सर्वांसाठी दार उघडे’. खिळ्याने टाईप केलं होतं, ‘सर्वांसाठी दारू घडे’.

ते वाचून तो इतका हसला की पेला सांडला. खिळ्या धावत आला, त्याने वाचलं, आणि मग दोघं रिमांना टेकून पोट धरून हसत राहिले. दारूमुक्तीचं पत्रक आणि सर्वांसाठी दारूचे घडे! “अरे, असंच जाऊ दे की,” खिळ्या म्हणाला, “सभासद वाढतील!” त्याने लाल पेनाने त्या ओळीभोवती मोठं वर्तुळ काढलं, समासात ‘दार उघडे, गाढवा’ असं लिहिलं, आणि खाली सही ठोकली. पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट त्याने प्रत्येक बैठकीत सांगितली. हमखास टाळी घेणारी गोष्ट. नवं माणूस बसायला आलं की खिळ्याच म्हणायचा, “वेलांटी, ती घड्यांची सांग.” पत्रकाचं ते प्रूफ त्याने आठवण म्हणून जपून ठेवलं होतं, घरच्या शब्दकोशात, ‘द’च्या पानांत. आता तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहून वर्तुळाच्या ओळीच्या वरची ओळ बघत होता. ‘मधला जिना, पहिला मजला.’ चिटणीसांच्या चिकटलेल्या मोत्यांत ‘मागला’ असणार. काना आणि ग एकमेकांत गुरफटले असणार आणि खिळ्याने ध वाचला असणार. शब्द शुद्ध होता. मधला. ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक, अर्थ स्वच्छ, छपाई ठसठशीत. ह्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात की मोठी चूक सापडली की थांबायचं, पाणी प्यायचं, आणि वरची-खालची ओळ परत वाचायची. कारण मोठ्या चुकीच्या सावलीत छोटी निजते. त्याने थांबून प्यायलं होतं. पाणी नव्हतं, एवढंच.

“आठ वर्षांत कोणी बदललं नाही?” त्याने विचारलं. आवाज कुणा तिसऱ्याचाच वाटला.

“सांगितलं की मी,” बाई म्हणाली. “बघतो म्हणाले. त्यांना काय, ते रोजचे. ज्यांना जागा ठाऊक ते पत्ता कशाला वाचतील? आणि जे पत्ता वाचतात ते इथे येऊन माझे दात बघतात.” तिने दाढेवर फुंकर मारली. “बसा हवं तर. धाप लागलीय तुम्हाला.”

तो स्टुलावर बसला. धाप पायऱ्यांची नव्हती. इथे फक्त दात. असंच काहीसं त्याने आधी ऐकलं होतं. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी खिळ्या गोदामात आला, नेहमीपेक्षा उशिरा, आठच्या सुमाराला, आणि उभ्या उभ्या म्हणाला, “गेलो होतो रे. तिथे कोणी नाही. दात आहेत नुसते.” त्याला वाटलं, गडी कुठूनतरी आधीच झोकून आलाय. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला. “दात?” “हो ना. कपाटभर.” “चावले का?” खिळ्या त्याच्याकडे बघत राहिला. मग तोही हसला, जरासा उशिराने, एखादी ओळ दुसऱ्या पानावर सरकावी तसा. मग त्याने पेला भरून खिळ्यासमोर ठेवला, आणि खिळ्याने तो घेतला. पेला पुढे करणारा हात कुणाचा होता हे आजवर कधी तपासायची वेळ आली नव्हती. प्रूफात आपण दुसऱ्याच्याच चुका शोधतो. स्वतःचं प्रूफ कधी कुणी समोर ठेवत नाही. आज सकाळी मात्र ठेवलं होतं. महिन्यापूर्वी छापखान्यातून एक पान परत आलं होतं, वर नव्या मुलीने नम्रपणे लिहिलं होतं, ‘काका, ही खूण कळली नाही.’ ती खूण ‘हा शब्द काढून टाका’ अशी होती. हात थरथरल्यामुळे ती शेवाळासारखी पसरली होती. ते पान बायकोने पाहिलं. आज सकाळी चष्म्याशेजारी शब्दकोशातलं पत्रक ठेवलेलं होतं. चहाचा कप पुढे करत ती म्हणाली होती, “गेलात तर जाऊन या. नाही गेलात तरी चालेल. फक्त गेलो होतो असं सांगू नका. एवढं एक नका करू.”

“चार वर्षांपूर्वी,” त्याने बाईला विचारलं, “एक माणूस आला होता का? बारीक, उंच. बोटांची टोकं काळपट.”

“अहो, इतके येतात. मी काय वह्या भरते?” तिने दाढ साच्यात बसवून पाहिली, परत काढली. “काही विचारतात, काही दारातूनच मागे फिरतात. त्यांना काय सांगणार? दात बघून घाबरतात बिचारे.” मग ती थांबली. “एक होता म्हणा. तेव्हा हा पुठ्ठा नव्हता. मलाच ठाऊक नव्हतं ही मंडळी मागे बसतात म्हणून. पुढे त्यांच्यातलाच एक कवळीला आला तेव्हा कळलं. तर हा माणूस आला, कागद दाखवला. मी म्हटलं, इथे कोणी नाही हो बाबा, दात आहेत नुसते. तर म्हणे, वेळ साडेसातपर्यंत छापलीय, तोवर बसतो, येतील. बाहेर पायरीवर बसला. पुढच्या बुधवारी परत हजर. म्हटलं, आत तरी बसा. इथे बसला होता, ह्याच स्टुलावर.”

तो स्टुलावरून किंचित उठला आणि परत बसला.

“लक्षात का राहिला सांगते. दरवाज्याच्या काचेवर माझी पाटी आहे ना, ती बाहेरून वाचायची. आतून सगळी अक्षरं उलटी. तर हा आत बसून आतूनच घडाघडा वाचायला लागला. वर म्हणे, बाई, तुमचा ‘क’ जरा डावीकडे कललाय. उलटं कोणी वाचतं का हो असं? मी तर पहिल्यांदा पाहिलं.”

उलटं वाचणारी माणसं आता उरली नाहीत. शिशाचा खिळा उलटा असतो. हातातली ओळ आरशात बघितल्यासारखी वाचावी लागते. तीस वर्षांनी ती सवय हाडात उतरली होती. खिळ्या उपाहारगृहाच्या काचेवरची नावं आतून वाचून दाखवायचा, टेबलाच्या पलीकडच्या माणसाचं वर्तमानपत्र आरामात वाचायचा. आणि तो माणूस ह्या स्टुलावर साडेसातपर्यंत बसला. आपणच टाईप केलेल्या चुकीवर विश्वास ठेवून. पत्रक छापखान्यात त्याच्याच हातून गेलं होतं, तरी त्याच्या मनात आलं नाही की पत्ता चुकला असेल. का यावं? वेलांटीने वाचलं होतं ना. खाली वेलांटीची सही होती. जन्मभर तो म्हणायचा, “माझं टायपिंग म्हणजे चिखल, पण ह्याच्या चाळणीतून गेलं की गंगाजळ.” आत्ता ह्या क्षणी स्टुलावर बसलेल्या वेलांटीला एकच गोष्ट हवी होती, ती कोपऱ्यावरच्या दुकानात, डाव्या हाताला, चाळीस पावलांवर मिळत होती. येताना त्याने ते बघितलं नव्हतं असं नाही. जिभेच्या मुळाशी ती कडसर ओल आली, आणि तिच्यामागून, हळूहळू, जे यायचं होतं ते आलं.

दुसरा बुधवार. तेव्हाही खिळ्या आठला आला होता. ह्या वेळी दातांचा विषय काढला नाही. दोन पेले घेतले, गप्प बसला, आणि गेला. थोड्या वेळाने फोन वाजला. वहिनी, खिळ्याची बायको. एका सरकारी रुग्णालयात परिचारिका. कमी बोलायची, आणि बोलली की तापमान सांगितल्यासारखं बोलायची. “भावजी, एक विचारते. खरं सांगा. हे म्हणतात, दोन बुधवार तिकडे जाऊन आलो, तिथे कोणी नसतंच. खरंच गेले होते का हो?” त्याच्या हातात पेला होता. त्याने विचार केला असं म्हणता येणार नाही. पण ह्या स्टुलावर बसून आठवताना असं दिसत होतं की काहीतरी केलं होतं, विचाराच्या अलीकडचं. खिळ्या जर खरंच जायला लागला तर बुधवार गेला. बुधवार गेला की गुरुवार. मग समोरच्या रिमेवर दुसरा पेला राहणार नाही. ‘घड्यांची सांग’ म्हणणारं कोणी राहणार नाही. आणि एकट्याने पिणारा तो दारुडा. दोघांनी प्यायली तर ती मैत्री. तो हसून म्हणाला होता, “कसले जातात, वहिनी! तो आणि सभेला? त्याला दात दिसतात म्हणे तिथे.” मग वहिनी म्हणाल्या, “वाटलंच मला,” आणि फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात त्या बहिणीकडे राहायला गेल्या. खिळ्या त्यानंतर अकरा महिने होता. शेवटच्या दिवसांत वहिनी येऊन त्याचं सगळं करायच्या. पाणी पाजायच्या, कूस बदलायच्या, नाडी बघायच्या, दुसऱ्याच्या पेशंटचं करावं तसं. खिळ्याने एकदा त्याला म्हटलं होतं, “ती वाईट वागत नाही रे. फक्त माझं काही खरं मानत नाही.” त्यावर तो म्हणाला होता, “बायकांचं असंच असतं.” हेही त्यानेच म्हटलं होतं. शुद्धीत असताना.

बाईने दिवा लावला. कपाटातलं हसू उजळलं. “सहाला पाच कमी आहेत,” ती म्हणाली. “जाताय ना मागे?”

“जातो.” तो उठला. पुठ्ठ्यासमोर थांबला. लाल पेन बाहेर आलं होतं, टोपण काढलेलं होतं. ‘सोडनारे’. त्याने त्या नकाराकडे बघितलं. ह्या चुकीच्या नकाराने इतकी माणसं बरोबर जिन्यावर पाठवली होती. त्याच्या बिनचूक ‘मधला’ने कुणाला कुठे पाठवलं होतं हे त्याला आता ठाऊक होतं, निदान एकाचं. त्याने टोपण लावलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने एक चूक वाचून तशीच ठेवली.

खाली बोळ होता. डावीकडे कोपऱ्यावरच्या दुकानाची पिवळी पट्टी पेटलेली, उजवीकडे वळसा. तो उजवीकडे वळला. त्यात शौर्य नव्हतं, पाय वळले. मागच्या अंगाला पिंपं, एक मोडकी सायकल, आणि लाकडी जिना. वरून खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसलं, तोंडातल्या दातांनी. तो पहिल्या पायरीशी थांबला. आधी कुठलं वाक्य सांगायचं हे आता त्याला कळलं होतं, आणि ते त्या खोलीतल्यांसाठी नव्हतं. त्याने फोन काढला. तीन वर्षांत हा नंबर त्याने दोनदा लावला होता, दोन्ही वेळा रडायला.

“हॅलो.”

“वहिनी, मी.”

“कोण मी?” त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी विचारलं.

“वेलांटी.”

मागे नळ चालू होता. “प्यायलाय?”

“नाही.”

“मग फोन कशाला केलात?”

हे टोचून म्हटलेलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. तो म्हणाला, “वहिनी, तो गेला होता.”

“कोण? कुठे?”

“खिळ्या. त्या बुधवारी. दोन्ही बुधवारी. पत्ता चुकीचा छापला होता. मागला जिना हवा होता, मधला छापलं. मी वाचलं होतं ते, माझ्या नजरेखालून गेलं. तिथे एक कवळ्या करणाऱ्या बाई आहेत. दात खरे आहेत, वहिनी. म्हणजे खोटे आहेत, पण आहेत. मी आत्ता बघून आलो. तो साडेसातपर्यंत बसून राहायचा. वेळ छापलीय म्हणाला, येतील. तुम्ही मला विचारलंत आणि मी...”

नळ बंद झाला.

“तुम्ही म्हणालात, कसले जातात,” वहिनी म्हणाल्या.

“हो.”

“तेव्हा ते बाहेर उभे होते.”

“कुठे बाहेर?”

“दाराबाहेर. आमच्या. मी कडी काढली नव्हती. वास येत होता फटीतून. म्हटलं, खोटं बोललात तर आत घेणार नाही. ते म्हणाले, मग वेलांटीला विचार. म्हणून तुम्हाला फोन लावला, भावजी. तुम्ही खरं सांगाल म्हणून त्यांनीच सांगितलं लावायला.” त्यांचा आवाज तापमान सांगतानाचाच होता. “मग मी काही कडी काढली नाही. जिन्यात झोपले ते.”

तो पहिल्या पायरीवर बसला. वर कुणीतरी खुर्च्या मोजत होतं. बारा, तेरा, एक जादा ठेवा. क्षमा मागायला शब्द होते, त्यातले बहुतेक त्याने दुसऱ्यांच्या पुस्तकांत दुरुस्त केले होते. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडतात. अमुक पान, अमुक ओळ, असे नसून असे वाचावे. वाचक ते कधी वाचत नाहीत, आणि वाचलं तरी पुस्तक परत पहिल्यापासून वाचायला कुणाला वेळ असतो. वहिनींना होता का, ते त्याला विचारता येईना.

मग त्यांनीच विचारलं, “आत्ता कुठे आहात?”

“मागल्या जिन्याखाली.”

“किती वाजता असतं ते?”

“सहाला.”

“सहा वाजून गेले,” वहिनी म्हणाल्या. “मग खाली काय करताय?”

“बरं, ठेवतो,” तो म्हणाला. “जातो मी वर.”

“ठेवू नका.”

“अं?”

“जातो म्हणालात ना. तुमच्या सांगण्यावर मी एकदा विसंबले होते. आता पावलं ऐकू द्या.”

तो उठला. फोन कानाला लावायचा की पायांकडे धरायचा ते कळेना. शेवटी त्याने तो हात लांब करून गुडघ्याशी धरला, कंदील धरल्यासारखा. जिना जुना होता, प्रत्येक पायरी निराळी बोलत होती. पहिली करकरली. दुसरी मुकी होती म्हणून तिच्यावर त्याने मुद्दाम जोरात पाय आपटला. चौथ्या पायरीवर कठडा धरावा लागला. सातवीवर डाव्या बाजूच्या झरोक्यातून दुकानाची पिवळी पट्टी दिसली. तो थांबला. गुडघ्यापासून आवाज आला, बारीक, पण स्पष्ट, “थांबलात.” तो पुढे निघाला. नऊ, दहा, अकरा. त्याने मोजायचं ठरवलं नव्हतं. वहिनी मोजत होत्या, हळू, नाडी मोजतात तशा, आणि त्याला फक्त त्यांच्या आकड्याखाली पाय ठेवायचा होता. सोळाव्याला जिना संपला.

“आलं का दार?”

“आलं.”

दारावर पत्रक चिकटवलेलं होतं. तेच. शेवटच्या ओळीत ‘दार’ आणि ‘उघडे’ यांच्यामध्ये भरपूर जागा सोडलेली होती. त्या दिवशी हसत हसत खिळ्यानेच ती दुप्पट केली होती, परत घोटाळा नको म्हणून. वरच्या ओळीकडे त्याने बघितलं नाही. लाल पेन खिशात होतं, आणि ह्या पत्रकाच्या जितक्या प्रती आत उरल्या असतील तितकी कामं त्याच्याकडे होती. ते नंतर.

“कडी आहे का आतून?” वहिनींनी विचारलं.

त्याने दाराला हात लावला. फटीतून चहाचा वास आला, आत चाललेलं बोलणं थांबलं, आणि कुणीतरी म्हणालं, “या.” त्याने फोन वर उचलून त्या आवाजाच्या दिशेने धरला, वहिनींना ऐकू जावं म्हणून, आणि तसाच धरून उभा राहिला.